कामगाराचा चष्मा

गजाला शहरातल्या श्रीमंतांच्या खिडक्या पाठ होत्या. कुणाच्या दिवाणखान्याची खिडकी भिंतभर आहे, कुणाच्या निजायच्या खोलीत सकाळचं ऊन थेट उशीवर येतं, कुणाकडे पडद्याची दांडी भिंतीला ठोकलीय आणि कुणाकडे छताला, हे सगळं त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या घरांतली माणसं मात्र त्याला फारशी ठाऊक नव्हती. पडदेवाल्याला माणसं कमीच दिसतात. ती "मापं घ्या हं" म्हणून आत जातात आणि "झालं का?" म्हणून बाहेर येतात.

गजा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो एकदम उंच झाला, जाडीला मात्र होता तिथेच राहिला. तेव्हा अण्णा, म्हणजे त्याचे वडील, म्हणाले होते, "हा पोरगा आहे का खिडकीचा गज?" ते चिकटलं ते चिकटलंच. चाळिशी आली, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात आणि धंद्यात तो गजाच होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती पलीकडच्या गल्लीत नांदत होती. घरात उरले बापलेक, दोन शिलाई मशीनी आणि कापडाचे तागे. जेवायचं ताट ठेवायचं तर आधी एखादा तागा उचलावा लागे.

कामाची त्यांची एक रीत होती. अण्णा शिडीवर, गजा खाली. अण्णांच्या ओठांत कायम टाचण्यांची रांग, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. ते वर बघत काम करत आणि न बघता हात खाली सोडत. त्या हातात काय द्यायचं ते गजाला कळायचं. कधी हूक, कधी कडी, कधी पक्कड, कधी नुसतंच पडद्याचं टोक. कसं कळतं असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. भूक लागली की तोंडाकडे हात जातो, तसं ते होतं. एकदा एका घरातली बाई गंमत बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, तुम्ही दोघं भांडलात तर कसं हो करता?" अण्णांनी टाचण्यांमधूनच फुर्रकन हसून दाखवलं होतं.

लग्नाचं गजाच्या बाबतीत जमता जमता राहून गेलं होतं. दोनदा बघण्याचा कार्यक्रम झाला. पहिल्या वेळी मुलीच्या मामांनी "पडदे शिवता म्हणजे काय, शिंपीच की!" म्हणून चहाची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. दुसऱ्या वेळी मुलगीच घर बघून म्हणाली, "इथे बसायचं कुठे?" त्यानंतर गजानं तो विषय तागा गुंडाळावा तसा गुंडाळून वर ठेवून दिला.

आणि मग अण्णांचा चष्मा मोडला.

मोडला म्हणजे आधीच मोडलेला होता. एक काडी त्यांनी पडद्याच्याच पट्टीनं बांधून ठेवली होती, वर दोन टाके घातले होते. आता दुसरी काडी तुटली. गजा तो चष्मा खिशात घालून चष्म्याच्या दुकानात गेला. त्या दिवशी तो एका मोठ्या घरी मापं घ्यायला जाऊन आला होता, म्हणून अंगात ठेवणीतला शर्ट होता. एवढा एक शर्ट त्याला पुढे केवढ्याला पडला!

काउंटरवर एक बाई होती. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, स्वतःच्या नाकावरही चष्मा. तिनं अण्णांचा चष्मा हातात घेतला, पट्टी बघितली, टाके बघितले आणि तिला हसू आलं. हसण्यात काही वाईट नव्हतं. पण गजाला वाटलं, आपल्या घराचं दार कुणीतरी उघडून आत बघितलं.

"कुणाचा हो हा?" तिनं विचारलं.

"वडिलांचा" म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याच्या तोंडून निघालं, "आमच्याकडे काम करतात त्यांचा."

तिनं मान वर केली. "कामगाराचा चष्मा घेऊन मालक स्वतः आलाय, हे मी आज पहिल्यांदा बघतेय. नाहीतर लोक आईचा चष्मासुद्धा ड्रायव्हरच्या हाती पाठवतात."

 खोटं बोलल्यावर माणसाला भीती वाटते म्हणतात. त्याला तर ऊब वाटली. आजवर त्याच्याकडे बघून कुणी इतकं छान बोललं नव्हतं, आणि जे बोललं गेलं ते भलत्याच माणसाबद्दल होतं.

"ते स्वतः का नाही आले?" तिनं विचारलं. "कान बघितल्याशिवाय काडी नीट वाकवता येत नाही."

"गुडघे दुखतात त्यांचे."

"मग जुन्याच्या वाकावरून करते. पण टोचला तर पाठवा त्यांना. नाहीतर तुम्ही या."

तो गेला. चष्मा घ्यायला गेला, मग काच पुसायचं फडकं राहिलं म्हणून गेला, मग उगाचच गेला. अण्णांना नवा चष्मा चपखल बसला. ते घरभर हिंडून म्हणाले, "अरे, ही भिंत एवढी मळलीय होय! आणि तू, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

दुकान बंद व्हायच्या सुमारास ती आणि गजा बाजूच्या चहाच्या टपरीवर उभे राहू लागले. तिला बोलायला आवडायचं आणि सरळ बोलायची. वडील नाहीत, भाऊ परगावी, त्याची बायको आईला ठेवून घेत नाही. "म्हणून मी पहिल्या भेटीतच सांगून टाकते," ती म्हणाली, "माझ्याबरोबर आई येणार. सामानात धरा हवं तर. ज्याला चालेल तो पुढचा चहा पाजेल, ज्याला नाही त्यानं हाच कप संपवून निघावं."

गजानं पुढचा चहा पाजला. वर म्हणाला, "आईची काळजी करू नका. जागा आहे."

जागा आहे! दोन मशीनींच्या मधून वाकडं होऊन जावं लागणाऱ्या माणसानं हे म्हणावं! पण एकदा म्हटल्यावर ती जागा त्याला दिसायलाच लागली. घर कसं आहे असं तिनं विचारलं की तो सांगायचा, आणि सांगताना त्याला अडखळावं लागत नसे. दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला, भिंतभर. पडदे मातकट रंगाचे, आतून अस्तर लावलेले. संध्याकाळी ते ओढले की खोली मधासारखी दिसते. बाजूला एक लहान खोली, तिथे ऊन कमी, वारा चांगला. खोटं असं त्यात काही नव्हतंच. सगळं खरं होतं. फक्त दुसऱ्याचं होतं.

कामाबद्दल तिनं विचारलं, तर "पडद्यांचा धंदा आहे, माणसं ठेवलीत" इतकंच. माणसं! एकच माणूस होता, आणि त्यानं गजाला ठेवलं होतं.

मेहुण्याचं घड्याळ त्यानं मागून आणलं. तेव्हा बहीण मागोमाग येऊन घराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काय रे, आताशा तुझा वेळ फार मोलाचा झालाय म्हणे! कोण आहे ती?"

"कोण नाही गं."

"कोण नाही तर भांग कुणासाठी पाडतोस, माझ्या सासूसाठी?"

अण्णा मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला, चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच म्हणाले, "असेल कुणी तर आण की एकदा घरी. मी तागे सगळे वर रचून ठेवतो. अडचण वाटली तर मी ताईकडे जाऊन बसेन तासभर. मला काय!"

गजा "बघू" म्हणाला. घड्याळ त्यानं मनगटावर चढवलं.

मातकट पडद्यांचं ते घर एका डॉक्टरीणबाईंचं होतं. अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. लांब पडद्यांची एक गंमत असते, ते शिवले आणि टांगले की संपलं असं होत नाही. जड कापड आपल्याच वजनानं खाली उतरतं. म्हणून तळाला नुसता कच्चा टाका घालायचा, पडदा काही दिवस तसाच टांगून ठेवायचा, आणि उतरायचा तेवढा उतरला की मग जागेवर बसून तळाची दुमड पक्की शिवायची. घाई केली तर पडदा पुढे फरशीवर लोळतो. डॉक्टरीणबाई नवऱ्यासह महिनाभरासाठी परदेशी लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांनी किल्ली अण्णांच्या हातात ठेवली. "तुमच्याशिवाय कुणाला देणार?" म्हणाल्या.

इकडे चष्म्याच्या दुकानातली ती म्हणाली, "आता एकदा घर दाखवा की. मी काय दागिने मागत नाही. खोली बघते, चहा घेते, जाते. आईला सांगायला बरं."

चोराला दार उघडं मिळाल्यासारखं झालं. दुमडीचा दिवस आला तेव्हा गजा अण्णांना म्हणाला, "तुमचा गुडघा सुजलाय. आज मी एकटाच जातो."

अण्णांनी मुकाट्यानं किल्ली दिली. "तळ बघून घे. डावा पडदा जास्त उतरेल, त्याचं कापड ताग्याच्या शेवटचं होतं."

गजा लवकर गेला. भिंतीवरचे डॉक्टरीणबाईंचे, नवऱ्याचे, लेकीचे फोटो काढून त्यानं एका खणात पालथे घातले. भिंतीवर फिकट चौकोन उरले. त्यांच्याकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं. दूध आणलं होतं, बिस्किटं आणली होती. ओट्याखालून पातेलं शोधून काढलं. मग खाली उभा राहून तिची वाट बघितली. इमारतीच्या रखवालदारानं ओळखीचं हसून विचारलं, "आज म्हातारबाबा नाहीत?" गजानं ऐकू न आल्यासारखं केलं.

ती आली. आत पाऊल ठेवताच चपला काढून हातात घेऊन उभी राहिली, कुठे ठेवाव्या कळेना. त्यालाही माहीत नव्हतं. "ठेवा कुठेही," तो म्हणाला.

ती खिडकीपाशी गेली. "अय्या, खरंच की! तुम्ही सांगितलंत तस्संच." आणि पडद्याच्या कापडावरून तिनं तळवा फिरवला. गजाला त्या क्षणी अभिमान वाटला आणि तो अभिमान खराच होता, कारण ती चूण न् चूण त्यानं आणि अण्णांनी घातली होती. तेवढं सांगता आलं असतं तर!

चहा करताना साखर सापडेना. त्यानं एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यात बटणं निघाली.

"एवढ्या मोठ्या घरात साखर नाही?" ती स्वयंपाकघराच्या दारातून हसत म्हणाली. "बाईमाणूस नाही ते दिसतंय हं."

बिनसाखरेचा चहा घेऊन दोघं दिवाणखान्यात आली. गजा टेकला तो खुर्चीच्या अगदी कडेला, गिऱ्हाइकाच्या घरी बसतात तसा. ती मात्र उठून त्या लहान खोलीत डोकावून आली होती. तिचा चेहरा उजळला होता. "इथे आईची खाट खिडकीशी ठेवता येईल. तिला बाहेरचं दिसायला लागतं हो. नाहीतर नुसती छताकडे बघत पडते." तिनं कप उचलला. "मी तिला अजून काही सांगितलं नाहीये. उगाच आस लागते म्हाताऱ्या माणसाला. आता सांगू ना?"

गजा "हो" म्हणणार होता की "नाही", ते त्याचं त्यालाही पुढे कधी कळलं नाही. कारण तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

ती दाराच्या जवळ होती. तिनंच उघडलं.

दारात अण्णा. धापा टाकत. लिफ्ट बंद होती म्हणून गुडघ्यावर हात टेकत जिना चढून आलेले. खांद्याला हत्यारांची पिशवी. ती मळकी पिशवी ठेवणीतल्या कपड्यांबरोबर शोभणार नाही म्हणून गजानं मुद्दामच घरी ठेवली होती. अण्णांना वाटलं, पोरगा विसरला. सुईवाचून तुरपाई कशानं करणार? म्हणून सुजल्या गुडघ्यानं ते अर्धं शहर ओलांडून आले होते.

त्यांनी तोंड उघडलं, पण तिनंच आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून टाळी वाजवली. "अहो, हा तर मी केलेला चष्मा! कसा बसलाय? कानामागे टोचत नाही ना?"

"नाही बाई. छान आहे." अण्णा गोंधळले. "पण तुम्ही..."

"चष्म्याच्या दुकानात असते मी. तुमचे साहेब नव्हते का आले तुमचा जुना चष्मा घेऊन, पट्टी बांधलेला? तेव्हाच मी त्यांना म्हटलं, कामगारासाठी इतकं कोण करतं!"

अण्णांनी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. लेक डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत, डॉक्टरीणबाईंचा कप हातात घेऊन बसलेला. मनगटावर जावयाचं घड्याळ. भिंतीवर फिकट चौकोन. नव्या चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसत असणार.

ते फार वेळ बघत राहिले नाहीत. कापड निवडताना ते एकदा सुलटी बाजू बघायचे, एकदा उलटी, आणि ताग्यावर हात ठेवून मोकळे व्हायचे. तसंच त्यांनी केलं.

"हो तर," ते तिला म्हणाले. "फार करतात." मग उंबऱ्याबाहेरूनच, आवाज नीट खाली घेऊन, "साहेब, तळाची शिलाई राहिलीय. आज उरकू, का पुन्हा येऊ?"

गजा उठून उभा राहिला होता. आता बोलायचं होतं. एकच शब्द होता, आणि तो लहान मूलसुद्धा पहिल्या वर्षात शिकतं. ती त्याच्याकडे हसून बघत होती, अशा मालकाची माणसं कशी प्रेमानं वागतात ते बघायला मिळालं म्हणून.

"उरका," गजा म्हणाला. "उरकून टाका."

अण्णा आत आले. चपला बाहेरच काढल्या. पडदे टांगले तेव्हापासून शिडी कोपऱ्यात होतीच. आधी वरचे हूक बघितल्याशिवाय ते तळाला हात लावत नसत, तेव्हा चढले. टाचण्या ओठांत धरल्या. गुडघा वाकताना त्यांच्या नाकातून बारीकसा आवाज आला, तो गजालाच ऐकू आला.

ती पुन्हा खुर्चीत बसली आणि आईबद्दल सांगू लागली. आईला गोंगाट चालत नाही, पण शांतताही चालत नाही. गजा शिडीशेजारी उभा होता. का उभा होता? कुणी बोलावलं नव्हतं. तो "हो, हो" म्हणत होता, तिच्याकडेच बघत होता. वरून हात खाली आला. गजाचा हात पिशवीत गेला आणि त्या हातात हूक ठेवून परत आला. "माझी आई तशी स्वभावानं..." ती म्हणाली. हात खाली आला, कडी गेली. "...म्हणजे दोन दिवस जातील रुळायला..." हात आला, पक्कड गेली. गजा पडद्याचं टोक मुठीत धरून एका गुडघ्यावर खाली बसलासुद्धा होता.

ती बोलायची थांबली.

खोलीत इतकं सामसूम झालं की अण्णांनी वरून खाली बघितलं. लेकाचा गुडघा फरशीवर, लेकाच्या हातात कापड. मग त्यांना काय झालं ते कळलं. टाचण्यांमधूनच, अवघडून, ते म्हणाले, "साहेब, तुम्ही नका... हात मळतील."

गजानं कापड सोडलं नाही. सोडलं असतं तर हात कुठे ठेवायचे हा प्रश्न होता.

ती उठली, शिडीपाशी आली. तिनं एकदा वर बघितलं, एकदा खाली. चष्मेवालीच ती. माणसांची नाकं आणि कान बघण्यातच तिचा दिवस जायचा.

"काका," तिनं हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

अण्णांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. सावकाश काढल्या आणि तळहातावर ठेवल्या. गजा खाली बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, आता म्हणतील. म्हणोत. आपल्याच्यानं झालं नाही, त्यांच्याच्यानं तरी होवो.

"एक मुलगी आहे," अण्णा म्हणाले. "लग्न झालंय तिचं. चांगलं चाललंय."

आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

 ती दोन्ही कप उचलून आत गेली. नळाचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. बाहेर आली ती चपला हातात घेऊनच. "कप होते तिथे ठेवलेत," ती गजाला म्हणाली. "दुधाचं पातेलंही घासलंय. ज्यांचं आहे त्यांना कळायला नको."

दाराशी जाऊन ती वळली, पण गजाकडे नाही. "काका, सैल वाटला तर दुकानात या हं. तुम्ही स्वतः या. कान बघून नीट करून देईन."

गजा जिन्यात तिच्यामागे धावला. एक मजला खाली ती थांबली, कठड्याला धरून. त्यानं काही म्हणायच्या आत तीच बोलली.

"घराचं काही नाही हो. घर सगळेच वाढवून सांगतात. पगार वाढवतात, उंची वाढवतात. माझ्यासाठी आलेल्या एकानं तर केससुद्धा वाढवून आणले होते." हे बोलताना तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "पण घरातलं माणूस कमी करून सांगणारा मी पहिलाच बघितला. आणि मी वेडी तुमच्याकडे माझ्या आईसाठी खोली बघत होते."

ती उतरत गेली. तिच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत गजा उभा होता. तिला काय सांगायचं होतं त्याला? की तो मनानं वाईट नाही? असं सांगणारा माणूस कसा दिसतो ते त्याला आत्ताच तिच्या डोळ्यांत दिसलं होतं.

वर आला तेव्हा अण्णा फरशीवर बसून तुरपाई करत होते. डावा पडदा खरंच जास्त उतरला होता. एरवी अण्णा एका टोकानं सुरू करत, गजा दुसऱ्यानं, आणि मधे भेटत. तो सुईत दोरा ओवून दुसऱ्या टोकाशी बसला.  पण अण्णा आज भराभर शिवत होते, आणि गजाचा दोरा सारखा गुंतत होता. मधे भेटणं झालं नाही. बराचसा पडदा अण्णांनीच संपवला.

मग गजानं खणातून फोटो काढले आणि ते एकेक जागेवर लावू लागला. पाठमोराच होता. मागून अण्णांचा आवाज आला.

"तो डावीकडचा जरा वर होता."

त्यानं तो वर केला.

"अजून थोडा. हां."

एवढंच. घरी जाताना बसमध्ये अण्णांनी कापडाच्या दराबद्दल बोलणं काढलं. संध्याकाळी बहीण आली. "काय हो अण्णा, सुटली का घड्याळाची भानगड?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "घड्याळ देऊन टाक रे जावयांचं. काम करताना अडकतं." बहीण दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिच्यासारखी बाईसुद्धा पुढे काही विचारायला धजावली नाही.

अण्णांच्या पाया पडावं असं गजाच्या मनात कितीदा आलं. एकदा त्यानं सुरुवातही केली, "अण्णा, त्या दिवशी..." तर अण्णा मशीन चालवतच म्हणाले, "त्या दिवशी अस्तर कमी पडलं असतं, बरं झालं जास्तीचं घेतलं होतं." आणि मशीनचा आवाज वाढवला.

चष्मा पुढे सैल झालाच. खाली वाकलं की घसरायचा. "दुकानात जाऊ या का?" गजानं कसंबसं विचारलं. "कशाला?" अण्णा म्हणाले आणि पडद्याच्या पट्टीचा तुकडा दोन्ही काड्यांना अडकवून तो डोक्यामागे बांधला.

ही गोष्ट जुनी झाली. गजानं लग्न केलं नाही, त्याला कुणी विचारतही नाही. त्याला एक खोड मात्र लागलीय. कुठल्याही घरी काम असो, दार उघडल्या उघडल्या तो अण्णांकडे हात करून सांगतो, "हे माझे वडील." रखवालदाराला सांगतो, लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला सांगतो, कुलूपवाल्याला सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. लोक "बरं, बरं" म्हणून बाजूला होतात. परवा तर अण्णा चिडलेच. "अरे, मी काय हरवलेलं सामान आहे का, सगळ्यांना दाखवत सुटलायस ते?"

आणि शिडीवर अण्णा आता टाचण्या तोंडात धरत नाहीत. त्यांनी मनगटाला बांधायची एक छोटी गादी शिवून घेतलीय, टाचण्या तिच्यात टोचून ठेवतात. ओठ मोकळे असतात. गजा खाली उभा असतो, काय हवं ते त्याला कळलेलं असतं, कडी हातात घेऊन त्यानं हात वरसुद्धा केलेला असतो.

अण्णा खाली बघतात. "कडी दे," म्हणतात. आणि मगच हात खाली सोडतात.